तिकडं दाराला आतून कडी असते का?

मागच्या हिवाळ्यात लातूरला आमच्या संघटनेचं दोन दिवसांचं शिबिर झालं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या मिळून साठेक बाया आल्या होत्या. बचत गटाच्या, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, दोन-तीन माजी सरपंच, बाकी शेतात राबणाऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्राला पाहुणे होते. मूळचे लातूरचे, ‘लातूर पॅटर्न’मध्ये घडलेले आणि वीस वर्षांपासून अमेरिकेत असलेले. ‘अमेरिकन संस्कृती’ या विषयावर ते तासभर बोलले. तिथले रस्ते, तिथली शिस्त, वेळेची किंमत, घरं मोडल्यामुळं तो समाज कसा एकाकी पडला, आणि आपल्या मातृशक्तीनं ती चूक कशी टाळावी, वगैरे. मग म्हणाले, विचारा प्रश्न.

बायांनी विचारले.

तिकडं नवऱ्याला काय म्हणतात? नाव घेतात का? बाळंतपणाला सुट्टी किती मिळते? पोट पाडायला बंदी आली म्हणतात, मग तिकडं पोरी वाचल्या असतील? एवढ्या मोठ्या देशाला अध्यक्ष करायला एक बाई कामून सापडंना? तिकडं जात असते का? आणि अगदी शेवटी, मागच्या रांगेतून, लोहा तालुक्यातल्या एका मावशींनी विचारलं, “तिकडं दाराला आतून कडी असते का?”

सभागृह हसलं. पाहुणे हसले. मीही हसले, तेही इथं लिहून ठेवते. अध्यक्षस्थानी शिक्षण क्षेत्रातले एक सद्गृहस्थ होते. त्यांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, “भगिनींनो, या चांभारचौकशा पुरे. आपल्याला अमेरिकेशी काय करायचंय? पाण्याचं बोला, रेशनचं बोला.”

संध्याकाळच्या आढावा बैठकीत आमच्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीनं तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. बाया मुद्द्यावरून भरकटतात, म्हणाली. साम्राज्यवादाचं विश्लेषण एकीनंही मागितलं नाही, नवऱ्याला काय म्हणतात ते विचारत बसल्या. आपण अजून खूप जाणीवजागृती करायला हवी.

मैत्रिणींनो, मला या दोघांशीही भांडायचं आहे.

पहिलं भांडण शब्दाशी आहे. ‘चांभारचौकशा’ म्हणताना त्या गृहस्थांची जीभ अडखळली नाही. समोर त्याच समाजाच्या दोघी बसल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या, आणि आम्ही व्यासपीठावरच्या कुणीही उठून हरकत घेतली नाही. पायाचं माप घेतल्याशिवाय आणि कुठं चावतंय हे विचारल्याशिवाय ज्या कारागिराला जोडा शिवता येत नाही, त्याच्या विचारण्यालाच आपल्या भाषेनं हिणवलं. म्हणजे कसबानं राबणाऱ्यानं विचारलं की चौकशा, आणि पदवीधरानं विचारलं की संशोधन. बायांच्या प्रश्नांना तोच न्याय लागतो. मी म्हणते, कुठं चावतंय एवढंच तर त्या विचारत होत्या.

दुसरी गोष्ट. आपल्याला अमेरिकेशी काय करायचंय, हे या मातीतल्या कुणी पूर्वी म्हटलं नव्हतं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली, कारण त्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांची सुटका हवी होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी बोटीत बसल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिथं गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत तो देश उभा-आडवा फिरल्या. १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत छापलं. घरं कशी असतात, बाया काय शिकतात, कुठं काम करतात, संघटना कशी बांधतात, मत का देऊ शकत नाहीत, हे सगळं त्यात आहे. काळ्या माणसांवरचा आणि मूळ रहिवाशांवरचा अन्यायही त्यांनी झाकला नाही. कौतुकही केलं आणि कानही धरले. एक विधवा बाई अमेरिकेची चौकशी करून येते आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडते. त्या चौकशीला आपण इतिहास म्हणतो. मग लोह्याच्या मावशींनी विचारलं तर हसायचं कशाला?

आता प्रश्नांकडं वळते. पाहुण्यांनी त्यांची उत्तरं दिली नाहीत, म्हणून मी शोधली.

नवऱ्याला काय म्हणतात? नावानं हाक मारतात. इंग्रजीत अहो नाही आणि अरेही नाही. नवरा, सासरा, साहेब, कुत्रा, सगळ्यांना एकच ‘यू’. हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “मग कोण मोठं ते कळतं कसं?” शेजारची आशाताई म्हणाली, “हात कोणाचा उठतो त्यावरून.” माझ्या तासाभराच्या भाषणात एवढं शहाणपण नव्हतं. बोलीतला अहो गेला म्हणून घरातला धनी जात नाही. तिथं आजही बहुतेक लग्न झालेल्या बाया नवऱ्याचं आडनाव लावतात. लग्न झालं की नाही हे बाईच्या नावापुढं लिहायचं आणि पुरुषाच्या नाही, याविरुद्ध तिथल्या बायांनी ‘मिझ’ हा शब्द लावून धरला. १९७२ साली ग्लोरिया स्टायनम आणि तिच्या मैत्रिणींनी काढलेल्या मासिकाचं नावच ते होतं. न्यूयॉर्क टाइम्सनं तो शब्द आपल्या पानांवर घ्यायला १९८६ साल उजाडलं.

आणि आपल्याकडं? कु., सौ., श्रीमती, गं. भा. बाईच्या नावाआधी तिच्या नवऱ्याची हजेरी लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा देशभरात, मुख्यतः उत्तरेकडं, सुमारे २८ लाख बायांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, आणि त्यांची नावं यादीतून गेली. नाव न घेण्याची किंमत मत गमावण्याइतकी होती. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी आणि मग बापाचं. त्याआधी किती वर्षं आपण हे मागत होतो! मग नावाचा प्रश्न फालतू कसा?

बाळंतपणाची सुट्टी किती? पगारी सुट्टी देणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. १९९३ चा कायदा बारा आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. आपल्याकडं १९६१ साली कायदा झाला आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी सुट्टी आहे. हे ऐकून बाया खूश झाल्या. मग एकीनं विचारलं, “आम्हाला कामून मिळाली नाही?” बरोबर आहे. उसाच्या फडात बाळंत होणारीला कोयत्याचा मुकादम कुठली सुट्टी देतो? आशाताईला तर सरकार कामगारच मानत नाही, स्वयंसेविका मानतं. अमेरिकेच्या आरशात बघून आपण छान दिसलो की समजावं, आरसा नीट पुसलेला नाही.

पोट पाडायला बंदी आली, मग पोरी वाचल्या असतील? या प्रश्नानं माझी झोप उडवली, कारण तो आमच्या प्रचारातून आला होता. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली गर्भपाताचा हक्क मान्य केला होता. तो त्याच न्यायालयानं २४ जून २०२२ रोजी काढून घेतला आणि अनेक राज्यांनी लगेच बंदी घातली. तिथं मुलगी की मुलगा हा मुद्दाच नाही. बाईच्या पोटावर हुकूम कुणाचा, एवढाच मुद्दा आहे. गर्भ अर्धवट पडून रक्त वाहणाऱ्या बाईला हात लावायला तिथले डॉक्टर कायद्याच्या भीतीनं कचरले.

पण आमच्या बाईला वाटलं की बंदी म्हणजे पोरी वाचल्या. का नाही वाटणार? वीस-पंचवीस वर्षं आपण भिंतीभिंतीवर ‘स्त्रीभ्रूणहत्या’ लिहिलं. हत्या म्हटलं की गर्भपात हाच गुन्हा झाला. खरं तर १९७१ पासून आपल्याकडं कायदेशीर गर्भपाताची सोय आहे, २०२१ पासून ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही ती खुली केली. गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग तपासण्याचा. त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानंच केला, तोही बायांच्या आणि डॉक्टरांच्या चळवळीमुळं. पण आज नको असलेला गर्भ घेऊन सरकारी दवाखान्यात गेलेली बाई चोरासारखी परत येते, आणि त्यात आपल्या घोषणेचाही वाटा आहे. आपल्यातल्या काहीजणी हे फार पूर्वीपासून सांगत होत्या. आम्ही भिंत पुसली नाही. अमेरिकेवरच्या एका ‘अडाणी’ प्रश्नानं ती दाखवली.

अध्यक्ष करायला बाई कामून सापडंना? सापडली होती. २०१६ साली हिलरी क्लिंटनना प्रतिस्पर्ध्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, तरी हरल्या. तिथं अध्यक्ष लोकांच्या मतांच्या एकूण बेरजेवर ठरत नाही, राज्यवार मिळणाऱ्या निवडमंडळाच्या मतांवर ठरतो. २०२४ साली कमला हॅरिस हरल्या. बायांना मताचा हक्क तिथं देशभर मिळाला १९२० साली, आणि दक्षिणेतल्या काळ्या बायांना तो खऱ्या अर्थानं वापरता यायला १९६५ चा कायदा लागला. आपल्याला तो पहिल्या निवडणुकीपासून सगळ्यांना एकदम मिळाला. इंदिराबाई १९६६ सालीच पंतप्रधान झाल्या. पण फुशारकी मारण्याआधी आठवा, १९६० पासून आजवर महाराष्ट्राला बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या निम्म्या जागांवर किती ठिकाणी ‘सरपंचपती’ बसतो, ते शिबिरातल्या तिघी माजी सरपंचांना विचारा. लोकसभा-विधानसभेचं आरक्षण २०२३ साली घटनेत घातलं, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच, अशी कडी बाहेरून लावून.

तिकडं जात असते का? पाहुणे ताडकन म्हणाले, “अजिबात नाही. तिथं फक्त गुणवत्ता.” मला त्यांचं लग्न कसं जमलं ते विचारायचं होतं, पण पाहुणे म्हणून गप्प बसले. तिथं काळ्या-गोऱ्याचं काय चालतं ते जगाला ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचं नाव मराठवाडा विद्यापीठाला द्यायचा ठराव १९७८ साली झाला तेव्हा आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नाव मिळालं १९९४ साली. तीच जात विमानात बसून तिकडं उतरली. नसती उतरली तर सिएटल शहराच्या नगरपरिषदेला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा कायदा का करावा लागला असता? तो मांडणारी क्षमा सावंत पुण्यात जन्मलेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसाच कायदा केला तेव्हा तिथल्या आपल्याच काही संघटनांनी जोरदार विरोध केला, आणि राज्यपालांनी तो नाकारला. तेव्हा ‘तिकडं जात असते का’ हा प्रश्न विचारणारीला उत्तर आधीच माहीत होतं. पाहुणे खरं बोलतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

आता कडी.

शिबिर संपवून मी नांदेडच्या एस.टी.त बसले. शेजारी त्या मावशी. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, तोवर काही बोलल्या नाहीत. मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, “बाई, तुम्ही हसलात ना.” मी माफी मागितली. मग त्यांनी सांगितलं.

लेक बी.एस्सी. झालेली. चार वर्षांपूर्वी अमेरिकेतलं स्थळ आलं. पाच एकरातलं दोन एकर विकून लग्न केलं, कारण अमेरिकेच्या नवऱ्याचा भाव मोठा. गावात पेढे वाटले. आता लेक फोन करते तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि नवरा शेजारी असतो. “बरं आहे” याच्यापुढं गाडी जात नाही. एकदा तो आंघोळीला गेला तेव्हा म्हणाली, “आई, इथं आतल्या दाराला कडी नसते गं. गोल मुठीला बटन असतं. ते आतून दाबलं तरी बाहेरून बारकी पिन घालून उघडतं.” आणि फोन ठेवला. एवढ्या एका वाक्यावर ती आई सहा महिने जगत होती. जाणकार माणूस तिकडून येणार म्हणून कळलं, म्हणून ती लोह्याहून लातूरला आली, आणि साऱ्या सभेत उठून जेवढं विचारता येतं तेवढं तिनं विचारलं. आम्ही हसलो.

साम्राज्यवादाचं विश्लेषण मागणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी विचारते, यापेक्षा नेमका प्रश्न अमेरिकेबद्दल तू कुठल्या पुस्तकात वाचलास?

त्यानंतर आम्ही शोधाशोध केली. ती इथं देते, कारण अशा मावशी तुमच्याही गावात असतील. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेलेल्या अनेक बायांना तिथं काम करता येत नाही. २०१५ पासून फक्त अशा काहींना परवानगी मिळते, ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापुढं गेलेला असतो. नवऱ्याचा व्हिसा गेला की तिचाही जातो. म्हणून पासपोर्ट तिच्याच ताब्यात हवा, आणि त्याचे आणि व्हिसाचे फोटो माहेरी हवेत. जीव धोक्यात असेल तर तिथं ९११ फिरवायचा आणि भाषेचं नाव सांगून दुभाषी मागायचा. नवऱ्याची जबरदस्ती हा तिथं सगळ्या राज्यांत १९९३ पासून गुन्हा आहे. आपल्याकडं २०२४ साली नवी न्याय संहिता आली आणि नवऱ्याला दिलेली जुनी सूट तिच्यात तशीच ठेवली गेली. तिथल्या स्त्री-चळवळीनं १९९४ साली बायांवरील हिंसेविरुद्धचा कायदा मिळवला. गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी बाईला स्वतंत्र व्हिसा मागण्याची सोय २००० सालापासून आहे. आणि आपल्याच मुलुखातून गेलेल्या बायांनी तिथं संघटना बांधल्या आहेत. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून, न्यूयॉर्कला ‘सखी’ १९८९ पासून, कॅलिफोर्नियात ‘मैत्री’ १९९१ पासून.

इथला कायदाही अगदी मुका नाही. तिकडच्या कोर्टातून परस्पर आणलेला घटस्फोट इथं आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं. १९९४ साली नीरजा सराफ यांच्या खटल्यात, लग्न करून बाईला मागं टाकून जाणाऱ्या अनिवासी नवऱ्यांसाठी कायदा करा, असंही सुचवलं. त्या सूचनेला तीस वर्षं झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाला पुन्हा तेच लिहून द्यावं लागलं. तीस वर्षांत किती दोन-दोन एकर विकले गेले, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

आम्ही घटस्फोटाचं, पोटगीचं, हक्काचं बोललो की हेच सद्गृहस्थ म्हणतात, हे अमेरिकेचं खूळ, आपल्या संस्कृतीत बसत नाही. आणि अमेरिकेचा नवरा, अमेरिकेचा पगार, अमेरिकेच्या नावानं वाढवलेला हुंडा, हे मात्र संस्कृतीत चपखल बसतं. मुलगा तिकडं गेला की पेढे, आणि मुलीनं तिकडचं विचारलं की संस्कृती बुडाली. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा देशोदेशींहून माणसं कॅमेरे घेऊन आली. ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बायांना त्यांनी काय काय विचारलं! किती मुलं, किती शिकलात, नवरा मारतो का. आम्ही सगळ्याची उत्तरं दिली. तेव्हा कुणी त्यांना चौकशा पुरे म्हणालं नाही. जगानं आम्हाला विचारावं आणि आम्ही सांगावं, ही रीत झाली आहे. आता आम्ही जगाला विचारणार.

म्हणून माझ्या संघटनेपुढं आणि तुमच्याही पुढं मी तीन गोष्टी मांडते. शिबिरात कुणाही पाहुण्याच्या भाषणाइतकाच वेळ प्रश्नांना द्या, आणि सुरुवात मागच्या रांगेपासून करा. प्रश्नाला कुणी हसलं तर सत्र थांबवा, मग हसणारी मी असले तरी. आणि परदेशी स्थळ आलेल्या प्रत्येक घरात, पेढे वाटायच्या आधी, व्हिसा कुठला, पासपोर्ट कुणाकडं आणि फोन कुणाच्या हातात, हे तीन प्रश्न विचारायला एक कार्यकर्ती पाठवा. लोक म्हणतील, चौकशा करायला आल्या. म्हणू द्या.

मावशींची लेक अजून तिथंच आहे. पासपोर्टचा फोटो मावशींच्या फोनमध्ये आला आहे. आठवड्यातून एकदा ती गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाते आणि तिथून आईला फोन लावते. तो फोन स्पीकरवर नसतो. काय बोलता, असं मी परवा मावशींना विचारलं. म्हणाल्या, “ती बोलते, मी ऐकते. आता मला काही विचारावं लागत नाही.”